रोख चाचणीवर, गर्भपातावर नव्हे : १९८८ चा महाराष्ट्र कायदा

गर्भलिंगनिदानाला आळा घालणारा देशातील पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला. तो घडवून आणला मुंबईतील स्त्री-संघटना, डॉक्टर आणि विज्ञान चळवळीतील कार्यकर्ते यांच्या एका मंचाने.

शासकीय रुग्णालयांत ही चाचणी १९७० च्या दशकातच थांबवण्यात आली होती. खासगी दवाखान्यांना मात्र रान मोकळे राहिले. १९८६ च्या सुमारास मुंबईतील ५० स्त्रीरोगतज्ज्ञांची पाहणी झाली. त्यांपैकी ४२ जण गर्भजल परीक्षणाने लिंगनिदान करीत होते!

मंचापुढचा खरा पेच वेगळाच होता. १९७१ च्या कायद्याने सुरक्षित गर्भपाताची वाट खुली केली होती. लिंगनिवडीला विरोध करताना तीच बंद झाली तर? म्हणून मंचाने रोख ठेवला तो चाचणीवर आणि ती विकणाऱ्यांवर. ‘स्त्रीभ्रूणहत्या’ हा आज सर्रास वापरला जाणारा शब्द या चळवळीतील अनेकींना खटकतो, तो याचसाठी. गर्भपात म्हणजे हत्या, हे त्यात गृहीतच धरलेले असते.

कायद्यात पळवाटा होत्या. खासगी केंद्रे परवान्यावर चालू राहिली. शेजारच्या राज्यात जाऊन चाचणी करून घेण्यास आडकाठी नव्हती. केंद्राचा कायदा १९९४ मध्ये संमत झाला, अमलात आला १९९६ मध्ये. तोही कागदावरच राहिल्याने २००० मध्ये ‘सेहत’, ‘मासूम’ या संस्था आणि साबू जॉर्ज सर्वोच्च न्यायालयात गेले. राज्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे १९९१ मध्ये ९४६ मुली होत्या. २००१ च्या जनगणनेत ९१३ उरल्या.