मूल कोणाचे?

तेरेखोल नदीच्या उत्तरेस सावंतवाडीचा मुलूख, दक्षिणेस पेडणे. दोन्ही तीरांवरील लोकांच्या चालीरीती पुष्कळशा सारख्या आणि सोयरिकी परस्परांत होणाऱ्या. परंतु एखादा संसार मोडण्याची वेळ आली, म्हणजे या दोन तीरांवरील माणसांना निरनिराळ्या कायद्यांच्या दारी जावे लागे. असे का झाले, आणि त्यात मुलांची वाट काय झाली, हा गोमंतकाच्या इतिहासातील एक उद्बोधक भाग आहे.

डिचोली व सत्तरी हे महाल १७८१-८२च्या सुमारास आणि पेडणे १७८८ साली पोर्तुगीजांच्या ताब्यात आले. तिसवाडी, बार्देश, सासष्टी या जुन्या काबिजादी. हे महाल नव्या काबिजादींत मोडतात. सोळाव्या शतकातील धर्मांतराचा आवेश एव्हाना ओसरला होता. येथील लोकांचे धर्म व आचार राखण्याचे आश्वासन सरकारने दिले आणि १८५३ साली त्या चालीरीती संहितेच्या रूपाने नमूद केल्या. पुढे १ जुलै १८७०पासून पोर्तुगालची दिवाणी संहिता गोव्यात अमलात आली. तीत कायदेशीर विभक्त राहण्याची सोय होती, घटस्फोटाची नव्हती.

१६ डिसेंबर १८८०च्या हुकूमनाम्याने गोव्यातील हिंदूंच्या काही रूढींना पुन्हा मान्यता मिळाली. पत्नीला वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत अपत्य न झाल्यास, अथवा तिची तिशी उलटूनही मुलगा नसल्यास, काही अटींवर व तिच्या संमतीने पतीला दुसरे लग्न करण्याची मुभा या हुकूमनाम्यात होती. ज्या समाजात स्त्रीला सासरावाचून आधार नव्हता, तेथे या संमतीचे मोल किती असेल, हे सांगावयास नको. मुलगा हा येथे केवळ वंशाचा दिवा होता. त्याच्याकरिता संसारात दुसरी स्त्री येऊ शकत होती.

५ ऑक्टोबर १९१० रोजी पोर्तुगालची राजसत्ता उलथून प्रजासत्ताक आले, आणि महिना पुरा होण्यापूर्वीच, ३ नोव्हेंबरला, घटस्फोटाचा कायदा जाहीर झाला. तो गोव्यासही लागू झाला. व्यभिचार, छळ, परित्याग इत्यादी कारणे पतीप्रमाणे पत्नीलाही पुढे करता येऊ लागली. त्याहून नवल म्हणजे परस्परसंमतीचा घटस्फोट. विवाहास दोन वर्षे होऊन गेलेली व पंचवीस वर्षे पूर्ण केलेली पतिपत्नी एकत्र अर्ज करू शकत. पलीकडच्या तीरावर काही जातींत काडीमोडीची रूढी होती हे खरे. परंतु मुंबई प्रांतात हिंदूंच्या घटस्फोटाचा कायदा झाला तो १९४७ साली, आणि हिंदू विवाह कायद्यात परस्परसंमतीची तरतूद आली ती १९७६ साली.

या पोर्तुगीज कायद्यातील एक बारकावा विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. परस्परसंमतीच्या अर्जासोबत मालमत्तेची यादी जोडावी लागे. तसेच अज्ञान मुले कोणाजवळ राहतील व त्यांच्या संगोपनाचा खर्च कोण किती सोशील, याचा करारही जोडावा लागे. मुलांची व्यवस्था लावल्यावाचून आईबापांची सुटका नव्हती. मात्र वाद चव्हाट्यावर आला, की कायद्याचा कल निराळा होई. ज्याच्या बाजूने निकाल लागे, त्याच्या स्वाधीन मुले करावी, असे सामान्य धोरण होते. मूल हे जणू निर्दोष पक्षाला मिळणारे पारितोषिक! चांगली पत्नी नसलेली स्त्री चांगली आई असू शकते, किंवा चुकलेला पतीही मुलाचा लाडका बाप असू शकतो, हा विचार त्यात पुरेसा उतरला नव्हता.

१९४०च्या पोपशी झालेल्या करारानंतर, १९४६च्या हुकूमनाम्याने, चर्चमध्ये धर्मविधीने लागलेल्या विवाहांना दिवाणी घटस्फोटाचे दार बंद झाले. असा विवाह मुळातच अवैध होता की नाही, हे ठरविण्याचा अधिकार धर्मन्यायालयाकडे गेला. त्यामुळे डिचोलीच्या एकाच वाड्यावरील हिंदू आणि ख्रिस्ती शेजाऱ्यांना निरनिराळी वाट धरावी लागे. गोव्याचा कायदा सर्वांना एकच आहे, असे सरसकट म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. तरी १९६२च्या कायद्यान्वये जुने कायदे पुढे चालू राहिले.

दरम्यान न्यायाची दृष्टी बदलत गेली. मुले ही आईबापांची मालमत्ता नव्हे, त्यांचे हित हेच ताब्याच्या प्रश्नात प्रमुख होय, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १९७३ साली दिला. एके काळी दुसऱ्या लग्नाचे निमित्त ठरलेले मूल, मग विजयी पक्षाचे पारितोषिक झाले आणि शेवटी स्वतःचा हक्क असलेली व्यक्ती म्हणून न्यायासनापुढे उभे राहिले. या वाटचालीला शंभर वर्षांच्या आसपास लागली.

कायदा येथवर पोहोचला. घराघरांनी पोहोचणे उरले आहे. डिचोलीत आईजवळ राहणाऱ्या मुलाने चवथीला पेडण्यास बापाच्या घरी जावयाचे की नाही, शाळेच्या फीचे पैसे कोणी भरावयाचे, आजारपणात कोणाला निरोप धाडावयाचा, हे करारात स्वच्छ लिहून ठेवले तर पुढची पुष्कळ भांडणे टळतात. परंतु मुलादेखत एकमेकांची निंदा करावयाची नाही, हे कोणत्याही हुकूमनाम्यात लिहून भागत नाही. पतिपत्नीचे नाते न्यायालयात सुटू शकते. आईबापांचे नाते सुटत नाही, एवढे दोघांनी ओळखले, म्हणजे मूल कोणाचे हा प्रश्नच उरणार नाही. ते दोघांचेही असते.