लाकडी होडीचे संरक्षक लेपन

लाकडी होडीच्या बाह्यांगास पाणी, ऊन, बुरशी व सागरी जीव यांपासून जपण्यासाठी दिलेल्या तेल, रंग, रोगण (वार्निश) किंवा राळेच्या थरास संरक्षक लेपन म्हणतात. घरी बांधलेल्या होडीसाठी त्याची निवड करताना, होडी पाण्यातच नांगरून ठेवायची की वापरानंतर काठावर ओढायची, हे आधी ठरवावे लागते.

खाऱ्या पाण्यात राहणाऱ्या होडीचा मुख्य शत्रू तेरेडो होय. हा अळीसारखा दिसणारा, परंतु शिंपल्यांच्या वर्गातील प्राणी आहे. बाल्यावस्थेत सूक्ष्म असताना तो लाकडात शिरतो व आतच वाढतो. बाहेर टाचणीएवढी छिद्रे दिसत असताना फळी आतून पोकळ झालेली असते. अरबी समुद्रातील पारंपरिक गलबतांच्या फळ्यांना माशाचे तेल आणि पाण्याखालील भागास चुना व चरबी यांचा लेप देत. आता ताम्र ऑक्साइडयुक्त रंग वापरतात. ट्रायब्यूटिलटिनयुक्त रंग अधिक प्रभावी होते. मात्र ते इतर सागरी जीवांनाही घातक ठरल्याने २००८ मध्ये अंमलात आलेल्या आंतरराष्ट्रीय करारान्वये त्यांवर बंदी आहे.

काठावर ठेवायच्या होडीस असा विषारी रंग अनावश्यक आहे. प्लायवूडच्या होडीस इपॉक्सी राळ उत्तम. पण ती उन्हाने खराब होत असल्याने तिच्यावर रंग किंवा अतिनील किरण रोखणारे रोगण हवेच. केवळ जवसाचे तेल स्वस्त पडते, तथापि त्यावर बुरशी धरते. प्लायवूडच्या कापलेल्या कडा सर्वाधिक पाणी शोषतात, म्हणून तेथे राळेचे दोन-तीन हात द्यावे लागतात.