भांडी कोण घासते?

मुलुंडला आमच्या चाळीत नळाला पहाटे चारला पाणी येई आणि साडेपाचला जाई. त्या दीड तासात आईने पिंप, हंडा, कळशा भरून घ्यायच्या आणि तिने लावलेल्या दिव्याच्या उजेडात मी चंद्रावर जायचे, असा 1960 च्या आगेमागे आमच्या घरचा परिपाठ होता. 1957 साली मुंबई महापालिकेची हद्द मुलुंड-दहिसरपर्यंत वाढली होती. कागदोपत्री आम्ही मुंबईकर झालो होतो. नळाला ते कळायला बरीच वर्षे लागली.

मला चंद्रावर नेणारे गृहस्थ म्हणजे भा. रा. भागवत. 'चंद्रावर स्वारी', 'मुक्काम शेंडेनक्षत्र' अशा नावांनी ज्यूल व्हर्न त्यांनी इतक्या घरगुती मराठीत आणला, की व्हर्न हा पुण्याच्या एखाद्या पेठेत राहणारा हिकमती मास्तर असावा असे मला कित्येक दिवस वाटे. एका पहाटे मी आईला त्या चंद्रवीरांची हकिकत सांगत होतो. तोफेच्या पोकळ गोळ्यात बसून तीन पुरुष आकाशात निघाले आहेत, बरोबर कुत्री आहेत, कोंबड्या आहेत, आत न्याहारी शिजते आहे. आईने कळशी पिंपात रिकामी केली आणि विचारले, "आणि भांडी कोण घासतं रे त्यांची?"

मी हसलो. बायकांना शास्त्रातले काय कळते, असा त्या हसण्याचा अर्थ होता, हे आज कबूल करायला लाज वाटते. पुढे साठ वर्षे मी विज्ञानकथा वाचत आलो आणि हळूहळू माझ्या ध्यानात आले, की कथा पारखायला आईच्या प्रश्नासारखी दुसरी कसोटी नाही. आमच्यातले बरेच शौकीन व्हर्नने पाणबुडी कशी आधीच पाहिली, अमक्याने अमके यंत्र कसे अगोदर सांगितले, याचे हिशेब मांडीत बसतात. मला त्यात फारसे स्वारस्य नाही. यंत्र आज ना उद्या कोणीतरी करणारच. ते घरात आल्यावर मोरीशी कोण बसणार, हे ज्याला दिसले त्याला मी मानतो.

एच. जी. वेल्सला ते दिसले होते. 1895 साली त्याचा कालप्रवासी दूरच्या भविष्यात पोहोचतो, तेव्हा जमिनीवर गोजिरवाणी, निरुद्योगी माणसे फळे खात बागडताना दिसतात. त्यांची वस्त्रे कोण विणते? उत्तर जमिनीखाली आहे. तेथे अंधारात मजुरांचे वंशज यंत्रे चालवीत आहेत, आणि रात्री वर येऊन ते वसुली कशी करतात हे वाचकांना ठाऊकच आहे. वेल्सची आई अपपार्क नावाच्या एका बड्या हवेलीत नोकरचाकरांवर देखरेख करणारी बाई होती, आणि त्या हवेलीत नोकरांना ये-जा करायला जमिनीखालून भुयारे होती. पोराने तेथे जे पाहिले तेच त्याने आठ लाख वर्षे पुढे नेऊन ठेवले.

आपल्याकडे या वाङ्मयाचा प्रवेश परदेशी पाहुण्याच्या रूपाने झाला. कोचीनला जन्मलेल्या 'केरळ कोकिळ' मासिकातून 1900 साली व्हर्नच्या चंद्रप्रवासाचे भाषांतर येऊ लागले. पुढे अनंत अंतरकरांच्या 'नवल'सारख्या मासिकांनी अद्भुताची गोडी लावली. परंतु मोठ्या माणसांच्या साहित्यात त्याला पाट मिळेना. ज्या वाचनालयाचा मी वर्गणीदार होतो तेथे अशी सारी पुस्तके बालविभागाच्या कपाटात असत. नोकरीला लागल्यावरही मी त्या कपाटाशी घुटमळताना पाहून ग्रंथपालांनी एकदा सहानुभूतीने विचारले होते, "मुलगा केवढा आहे आपला?" माझे तेव्हा लग्नही झालेले नव्हते!

कपाट बदलले त्याची हकिकत आता पुष्कळांना माहीत आहे. तरी पुन्हा सांगतो, कारण तिच्यातला एक तपशील माझ्या कामाचा आहे. 1966 साली मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली आणि 1970 पासून तिने विज्ञानरंजन कथांची स्पर्धा सुरू केली. 1974 च्या स्पर्धेत नारायण विनायक जगताप या अपरिचित लेखकाच्या 'कृष्णविवर' कथेला पहिले बक्षीस मिळाले. हे जगताप म्हणजे कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले जयंत विष्णू नारळीकर. आद्याक्षरे उलटी करून त्यांनी हे नाव घेतले होते. पुढल्याच वर्षी कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्ष दुर्गाबाई भागवत यांनी त्यांच्या विज्ञानकथेची वाखाणणी केली. नारळीकर स्वतः 2021 साली नाशिकच्या संमेलनाचे अध्यक्ष झाले, पण प्रकृतीमुळे जाऊ शकले नाहीत. 2025 च्या मे महिन्यात ते गेले.

आता तो तपशील. परीक्षकांनी अक्षर ओळखू नये म्हणून स्पर्धेची ती कथा मंगलाताईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, आपल्या हाताने लिहून काढली होती. मंगला नारळीकर स्वतः गणिती होत्या. 2023 साली त्या वारल्या. आपल्या पिढीतल्या शिकलेल्या स्त्रियांनी संसार आधी आणि गणित मागाहून असेच आयुष्य काढले, असे त्यांनी आपल्याविषयी मोकळेपणाने लिहून ठेवले आहे. मराठी विज्ञानकथेला मोठ्यांच्या कपाटात नेणारी ती प्रत अशी एका गृहिणी-गणितीच्या अक्षरात होती. मी हे वाचले तेव्हा आई हयात नव्हती, नाहीतर तिला आधी सांगितले असते.

नारळीकरांच्या कथांत मला सर्वांत आवडते ती 'गंगाधरपंतांचे पानिपत'. 1761 च्या लढाईत विश्वासरावाला गोळी लागलीच नाही, मराठे जिंकले, अशा दुसऱ्याच इतिहासात प्राध्यापक गंगाधरपंत जाऊन पडतात. पण तो इतिहास त्यांना पहिल्यांदा कळतो कोठे? पुण्याहून मुंबईला येणाऱ्या गाडीच्या खिडकीतून! लोणावळ्याच्या पुढे इंग्रजांची हद्द लागते, परवाने तपासले जातात, आणि मग उपनगरी गाड्यांचे निळे डबे शेजारून धावताना दिसतात; प्रत्येक डब्यावर चिमुकला युनियन जॅक. ती गाडी मुलुंड-घाटकोपरवरूनच गेली असणार, हे कथेत लिहिलेले नाही, पण आम्ही रोज त्याच रुळांवर लोंबकळणारी माणसे. आम्हाला सांगायला नको. ज्या लोकलमध्ये चौथ्या सीटसाठी भांडण होते तिच्यावर परके निशाण असते तर, या कल्पनेने मला जेवढे अस्वस्थ केले तेवढे कुठल्याही परग्रहवासीयाने केले नाही.

मोरीचा प्रश्न मात्र येथेही सुटत नाही. तो सोडवला एका बंगाली बाईंनी. बेगम रोकेयांची 'सुलतानाज ड्रीम' ही इंग्रजी कथा 1905 साली मद्रासच्या एका स्त्रियांच्या मासिकात आली. तिच्यातल्या राज्यात स्वयंपाक सूर्याच्या उष्णतेवर होतो, धूर नाही, कोळसा नाही, घराबाहेरचा कारभार बायका पाहतात आणि पुरुष पडद्यात बसून घरकाम करतात. ही कथा मला पन्नाशीनंतर भेटली; आमच्या बालविभागाच्या कपाटात ती कधीच नव्हती.

आईने आयुष्यात एकच विज्ञानकथा पुरती वाचली. 1979 साली 'यक्षांची देणगी' निघाले, तेव्हा आम्ही घाटकोपरला इमारतीत राहायला आलो होतो. त्यातल्या 'हिमप्रलय' या कथेत मुंबईत बर्फ पडते. दुपारी जेवणानंतर तिने चष्मा लावून ती संपवली. मी उत्सुकतेने विचारले, कशी वाटली? ती म्हणाली, "नळ गोठले तर पाणी कुठून आणायचं?" आणि गच्चीवर भरलेली टाकी असताना, उठून तिने पिंप भरून ठेवले.