कुटुंबाची गाडी आणि तिची झेप

मोटारगाडीची थोरवी सांगताना लोक बहुधा तिचा कमाल वेग सांगतात. परंतु गाडी ताशी किती किलोमीटर धावू शकते आणि उभी असलेली गाडी तो वेग किती लवकर गाठते, हे दोन निराळे प्रश्न आहेत. या दुसऱ्या गुणाला आपली ड्रायव्हर मंडळी 'पिकअप' म्हणतात, शास्त्राच्या पुस्तकांत त्याला त्वरण हे नाव आहे. शून्यापासून ताशी १०० किलोमीटरपर्यंत पोहोचण्यास किती सेकंद लागतात, हे त्याचे रूढ माप होय. शर्यतीच्या गाड्यांचा विचार आम्ही येथे करीत नाही. आईबाप, मुले आणि सामान घेऊन जाणाऱ्या चार दारांच्या गाडीला ही झेप कशी लाभली, एवढाच आमचा विषय आहे.

प्रारंभ आपल्या घरापासून करू. सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी स्थापन केली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून इटलीच्या फियाटच्या नमुन्याची जी गाडी निघू लागली, तीच पुढे 'प्रीमियर पद्मिनी' या नावाने घरोघर माहीत झाली. तिचे इंजिन १०८९ घनसेंटिमीटरचे, शक्ती सुमारे ४० अश्वशक्ती आणि वजन ९०० किलोच्या आसपास. पाच माणसे आत आणि ट्रंका टपावर अशी ती घाट चढे, पण सावकाश चढे. तो काळ परवान्यांचा होता. गाडीसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. जो गाडी मिळाली यातच धन्यता मानीत होता, तो तिच्या पिकअपची चौकशी कशाला करील? मुंबईच्या रस्त्यांवर टॅक्सी होऊन राबलेली ही गाडी ऑक्टोबर २०२३ मध्ये त्या सेवेतून कायमची निवृत्त झाली.

युरोपात मात्र याच काळात चार दारांच्या गाडीला पळविण्याची ईर्षा लागली होती. १९६८ साली मर्सिडीज कंपनीने '३०० एस.ई.एल. ६.३' ही गाडी पुढे आणली. एरिक वॅक्सेनबर्गर या अभियंत्याने कंपनीच्या राजेशाही '६००' गाडीचे आठ सिलिंडरांचे इंजिन तुलनेने लहान अशा या गाडीत बसविले. २५० अश्वशक्तीच्या जोरावर ती साडेसहा सेकंदांत १०० चा वेग गाठी. १९८५ साली बी.एम.डब्ल्यू.ची 'एम ५' आली. सहा सिलिंडर, २८६ अश्वशक्ती आणि वेळ पुन्हा साडेसहा सेकंदांच्या घरातली. १९९० मध्ये इंग्लंडात 'लोटस कार्लटन' ही ३७७ अश्वशक्तीची गाडी निघाली, तेव्हा अशी गाडी रस्त्यावर येऊ द्यावी काय, यावरून तेथील वर्तमानपत्रांत गदारोळ उठला. पुढे चोरीला गेलेली अशी एक गाडी घेऊन चोरांनी दरोडे घातले आणि पोलिसांच्या गाड्या मागे पडल्या! या साऱ्या गाड्यांत एक गोष्ट समान होती. प्रचंड इंजिन, कुशल कारागिरी आणि धनिकालाच परवडेल अशी किंमत.

पेट्रोलच्या गाडीला ही झेप इतकी महाग का पडावी? याचे उत्तर पलूस परिसरातल्या बागायतदारास पुस्तकावाचून समजेल. विहिरीवर किंवा कृष्णाकाठी ज्याने डिझेल इंजिन आणि विजेची मोटर ही दोन्ही वापरली आहेत, त्याने हा फरक डोळ्यांनी पाहिला आहे. इंजिनाला हँडल मारावे लागते, ते धापा टाकीत हळूहळू फेऱ्या धरते आणि मग कोठे पाणी उपसू लागते. मोटरचे बटण दाबले की घरातले दिवे क्षणभर मंदावतात आणि पाहता पाहता ती पुऱ्या फेऱ्यांवर येते. गाडीतही हेच घडते. पेट्रोल इंजिनाचा पीळ, ज्याला मेकॅनिक टॉर्क म्हणतो, तो मिनिटाला काही हजार फेऱ्या झाल्यावर पुरा येतो. म्हणून क्लच हवा, गिअर हवेत, आणि गिअर बदलताना ओढ तुटते. विजेच्या मोटरचा पीळ पहिल्या क्षणापासून हाती असतो आणि गिअर बदलण्याची गरज राहत नाही.

हे ज्ञान नवे नव्हे. २९ एप्रिल १८९९ रोजी पॅरिसजवळ कामिल जेनात्सी या बेल्जियन गृहस्थाने ताशी १०५.८८ किलोमीटर वेग गाठला. ताशी शंभरीची मर्यादा ओलांडणारी ती पहिली गाडी विजेचीच होती. त्या वेळी आमच्याकडे लक्ष्मणराव किर्लोस्कर बेळगावास सायकलींच्या व्यवसायातून यंत्रांकडे वळत होते. १९१० साली औंध संस्थानात, कुंडल रोड स्टेशनाजवळच्या माळावर त्यांनी किर्लोस्करवाडी वसविली आणि पुढे तेथून पंप गावोगावच्या विहिरींवर गेले. विजेच्या गाडीचे घोडे अडले ते बॅटरीपाशी. जड बॅटरीत साठा थोडा, म्हणून पेट्रोल जिंकले. लिथियमची हलकी बॅटरी आल्यावर जुना डाव नव्याने मांडला गेला.

त्याचे फळ आता पुणे जिल्ह्यातच दिसते. मर्सिडीजची विजेवरची 'ई.क्यू.एस. ५८०' २०२२ पासून चाकणला जोडली जाऊ लागली. तिची वेळ ४.३ सेकंद, पण किंमत दीड कोटीच्या वर. महिंद्रांची चाकणचीच 'बी.ई. ६' नोव्हेंबर २०२४ मध्ये जाहीर झाली. मोठ्या बॅटरीच्या प्रकारात २८६ अश्वशक्ती आणि ६.७ सेकंद. टाटांची २०२५ मधील विजेवरची 'हॅरियर', तिच्या दोन मोटरांच्या प्रकारात, ६.३ सेकंद. हे आकडे कंपन्यांचे आहेत, तरी अर्थ स्पष्ट आहे. १९६८ साली जर्मनीतील धनिकाला जी झेप मिळत होती, ती पद्मिनीच्या दुपटीहून जड अशा गाडीत आज येथल्या सुखवस्तू कुटुंबाला मिळते. अमेरिकेच्या टेस्ला कंपनीने तर २०२१ मध्ये आपल्या 'प्लेड' गाडीसाठी ताशी ६० मैलांपर्यंत १.९९ सेकंद असा दावा केला. मात्र त्या मोजणीत पहिला एक फूट धरलेला नाही!

या झेपेचा उपयोग नाही असे आम्ही म्हणत नाही. समोरून वाहन येत असता ट्रक ओलांडावयाचा तर जितका कमी वेळ लागेल तितके बरे. परंतु ताशी १०० च्या वेगाने गाडी एका सेकंदात २८ मीटर जाते. समोरचा धोका पाहून ब्रेकवर पाय पडेपर्यंत एक सेकंद धरा आणि पुढे कोरड्या रस्त्यावर थांबण्यास सुमारे ४० मीटर धरा. म्हणजे जवळजवळ ७० मीटर झाले. वेग दुप्पट केला की ब्रेक लावल्यानंतरचे अंतर चौपट होते, आणि हा नियम विजेने बदललेला नाही. गळिताच्या हंगामात आपल्या रस्त्यांवर उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर आणि मागे दिवा नसलेल्या बैलगाड्या चालतात. संध्याकाळच्या अंधारात त्या ७० मीटरांच्या आत दिसल्या तर साडेसहा सेकंदांची बढाई काय कामाची?

पूर्वी गाडीची मंद चालच ड्रायव्हरला आवरून धरीत असे. आता तो लगाम गेला, म्हणून तो चालवणाऱ्याच्या पायात यावयास हवा. तेव्हा शोरूममध्ये गेल्यावर गाडी किती सेकंदांत पळते हे अवश्य विचारावे, आणि लगेच ती किती मीटरांत थांबते हेही विचारावे. घरातली माणसे सुखरूप परतण्यासाठी दुसरे उत्तर अधिक उपयोगी पडेल, असे आम्हांस वाटते.