काळी-पिवळीच्या बॉनेटखालची वंशावळ

जिंतूर, सेलू किंवा गंगाखेडच्या कुठल्याही जुन्या काळी-पिवळीवाल्यापाशी जीपचा विषय काढला, की पहिला सवाल येतो, "इंजिन कोणतं? प्यूजो का इंटरनॅशनल?" प्यूजोवाले पळण्याचं कौतुक सांगतात, इंटरनॅशनलवाले ओढण्याचं. शिवाय हौसेनं पेट्रोल जीप जपणाऱ्यांचा तिसरा पंथ आहेच. त्यांच्या लेखी डिझेल घातलं तिथंच जीप बाटली.

जीप मूळची अमेरिकन आहे. १९४० साली अमेरिकन लष्करानं हलकी, चारही चाकांना ताकद देणारी गाडी मागवली. नमुन्यासाठी मुदत ४९ दिवस. बँटम या छोट्या कंपनीनं ती पाळली. टोलेडोच्या विलीज कंपनीचा नमुना उशिरा आला, वजनालाही भारी निघाला, पण तिचं इंजिन बाकीच्यांपेक्षा जोरकस होतं. डेल्मर रूस या इंजिनिअरनं ४८ अश्वशक्तीच्या जुन्या इंजिनातून ६० काढून दाखवली होती. हेच 'गो-डेव्हिल'. सिलिंडरचा व्यास सव्वातीन इंचांहूनही कमी आणि पिस्टनची धाव जवळजवळ साडेचार इंच. अशा लांब धावेचं इंजिन कमी फेऱ्यांतही रेटा सोडत नाही, आणि चिखलाला तेच लागतं.

स्वातंत्र्याच्या आगेमागे महिंद्रांनी मुंबईत विलीजच्या जीपा जोडायचं काम अंगावर घेतलं. (कंपनीचं पहिलं नाव 'महिंद्र अँड मोहम्मद'. त्यातले गुलाम मोहम्मद पुढं पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले.) नंतर आलं 'हरिकेन' इंजिन. आकार तोच, २१९९ सीसी. फक्त हवा आत घेणारा व्हॉल्व्ह बाजूच्या ब्लॉकमधून उचलून वर हेडमध्ये नेला. श्वास मोकळा झाला, ताकद पंचाहत्तरीच्या घरात गेली, पण इंजिन उंच झालं आणि जुन्या बॉनेटखाली मावेना. मग बॉनेटच वर चढवलं. सीजे-३बीचं ते कपाळ काढलेलं रूप त्यातून आलं. कुणाही चित्रकारानं ते हौसेनं रेखाटलेलं नाही.

ही दोन्ही इंजिनं पेट्रोलची. गटविकास अधिकाऱ्याच्या जीपला पेट्रोल किती लागतं, हे कोण विचारणार? ते सरकारच्या खात्यावर. माणशी भाडं घेणाऱ्याला मात्र डिझेलशिवाय गत्यंतर नव्हतं. त्यातून महिंद्रांच्या इगतपुरीच्या कारखान्यात फ्रेंच प्यूजोचं एक्सडीपी ४.९० तयार होऊ लागलं: चार सिलिंडर, नव्वद मिलिमीटर व्यास, नावातच सगळा हिशेब. थंडीच्या पहाटे आधी हीटर द्यायचा, थोडं थांबायचं, मग स्टार्टर.

इंटरनॅशनल मात्र आलं थेट शेतातून. १९६३ साली शिकागोची इंटरनॅशनल हार्वेस्टर, महिंद्र आणि व्होल्टास यांनी मिळून ट्रॅक्टर कंपनी काढली. १९६५ पासून बी-२७५ बाहेर पडू लागला. कंपनी अमेरिकन, पण या ट्रॅक्टरचा जन्म इंग्लंडातल्या ब्रॅडफर्डचा. काळ्या रानात नांगर ओढणारं हेच इंजिन पुढं जीपमध्ये बसलं. धडधड तीच, धूरही तोच. पण बिघडलं तर ट्रॅक्टरच्या मिस्त्रीचा हात त्याला सरावलेला. पेट्रोलपंथीयांना हा अपमान वाटतो. खरं तर या ट्रॅक्टरी काळजानंच जीप पोटापाण्याची गाडी म्हणून टिकली. नाहीतर ती केव्हाच लग्नाच्या वरातीपुरती उरली असती.

आणि ते कूळ अजून संपलेलं नाही. मोंढ्यात माल उतरवणाऱ्या बोलेरो पिकअपचं २५२३ सीसीचं इंजिन घ्या. व्यास ८८.९ मिलिमीटर, धाव १०१.६. आकडे विचित्र वाटतात, कारण ते मुळात मिलिमीटरचे नाहीतच. इंचात मोजलं तर बरोबर साडेतीन आणि चार, म्हणजे इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या बीडी-१५४ चं माप.