दोन औंसांचा हिशेब

शाळेच्या बागेसाठी वर्षाकाठी जे थोडेफार पैसे मिळतात, त्यांत कोणते खत घ्यावे, असा प्रश्न शिक्षक आम्हांला नेहमी विचारतात. रोपवाटिकेत हाडांचा चुरा, निंबोळी पेंड, गांडूळखत, जिप्सम, सूक्ष्म अन्नद्रव्यांच्या पुड्या अशी रांगच मांडलेली असते. घरोघरी अंड्यांची टरफले आणि चहाचा चोथाही कुंडीत पडतो. यांतले स्वस्त कोणते आणि महाग कोणते, हे नुसत्या किमतीवरून ठरत नाही. ते कशावरून ठरते हे कळायला शास्त्रज्ञांना जवळजवळ दोनशे वर्षे लागली. ती हकिगत माहीत असली, तर आपले पैसे वाचतील.

विलोची कुंडी

बेल्जियममधील व्हॅन हेल्माँट या वैद्याचा प्रयोग पाठ्यपुस्तकांतून आपल्या परिचयाचा आहे. भट्टीत वाळवलेली २०० पौंड माती त्याने एका कुंडीत भरली आणि तीत ५ पौंड वजनाचे विलोचे रोप लावले. (आपल्याकडील वाळुंज याच कुळातला.) पाच वर्षे त्याला फक्त पाणी घातले. झाड १६९ पौंडांचे झाले. माती पुन्हा वाळवून तोलली, तर ती फक्त दोन औंसांच्या आसपास कमी भरली. झाड पाण्यापासूनच बनले, असा निष्कर्ष त्याने काढला. हा वृत्तान्त त्याच्या मृत्यूनंतर १६४८ साली प्रसिद्ध झाला.

हवेतील कार्बन डायॉक्साइडचा वाटा हेल्माँटला ठाऊक नव्हता, हे आपण वर्गात सांगतो. पण त्या दोन औंसांचे काय, हे सहसा सांगत नाही. हेल्माँटनेही ती किरकोळ घट म्हणून सोडून दिली. पुढे १६९९ साली इंग्लंडमध्ये जॉन वुडवर्डने पुदिन्याची रोपे पावसाच्या, नदीच्या आणि बागेची माती कालवलेल्या पाण्यात वाढवली. मातीच्या पाण्यातली रोपे जोमाने वाढली. पाण्यात मातीतून काहीतरी उतरत होते. ते काय, याचे उत्तर १८०४ साली जिनीव्हाच्या द सोस्यूर यांनी दिले: झाडाचा कार्बन हवेतून येतो, पण त्याच्या राखेतील क्षार मुळांवाटे मातीतून येतात. चुलीत मणभर लाकूड जाळले तर ओंजळभर राख उरते. ती ओंजळ म्हणजे हेल्माँटचे दोन औंस. आपण खत म्हणून जे विकत घेतो, ते मुख्यतः या राखेतील खनिजे आणि जळताना हवेत निघून जाणारा नत्र, एवढ्यासाठीच.

नसलेल्या वस्तूची किंमत

तरीही त्या काळी बहुतेकांचा समज असा होता, की झाड मातीतील ह्यूमस, म्हणजे कुजलेला काळा भाग, थेट खाते. जर्मनीत कार्ल श्प्रेंगेल यांनी १८२०च्या दशकात हे मत खोडून काढले. १८४० साली युस्टुस फॉन लीबिग यांच्या ग्रंथाने खनिजांचा सिद्धान्त सर्वत्र पोचवला. त्यातला महत्त्वाचा नियम साधा आहे. पन्नास माणसांचा तांदूळ शिजवला, पण डाळ दहांनाच पुरणारी असली, तर वरणभात दहा जणांनाच मिळेल. तांदूळ आणखी वाढवून उपयोग नाही. झाडाची वाढही सर्वांत कमी पडणाऱ्या द्रव्यावर अडते. जे मातीत मुबलक आहे ते आणखी घातले, तर ते फुकट मिळाले तरी कामाचे नाही.

याच लीबिग यांनी १८४५ साली स्वतःचे खत बाजारात आणले आणि ते फसले. पावसाने क्षार वाहून जातील या भीतीने त्यांनी ते मुद्दाम कमी विरघळणारे केले होते. जे पाण्यात उतरत नाही ते मुळांना मिळत नाही. शिवाय ती भीतीही बरीचशी अनाठायी होती. १८५० साली थॉमस वे यांनी अमोनियाचे द्रावण मातीच्या थरातून गाळले. अमोनिया मातीने धरून ठेवला आणि त्याच्या बदल्यात चुना पाण्यात सोडला.

एकाच चुऱ्याचे दोन गुण

आपल्या प्रश्नाच्या सर्वांत जवळची गोष्ट हाडांची आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडमध्ये हाडे दळून शेतात घालण्याची प्रथा इतकी वाढली, की युरोपभरातून जहाजे भरून हाडे येऊ लागली. इंग्लंड इतर देशांच्या जमिनीची सुपीकता लुटत आहे, असा आरोप लीबिग यांनी केला तो यावरूनच.

रॉथमस्टेडचे जमीनदार जॉन बेनेट लॉज यांना त्यांचे शेजारी लॉर्ड डेकर यांनी एक कोडे घातले: एका शेतात हाडांच्या चुऱ्याने सलगम उत्तम येतो, दुसऱ्या शेतात त्याच चुऱ्याचा काहीच गुण येत नाही, असे का?

कारण मातीत होते. हाडातील स्फुरद कॅल्शियम फॉस्फेटच्या रूपात असतो आणि ते साध्या पाण्यात विरघळत नाही. आम्लधर्मी मातीत ते सावकाश विरघळते. चुनखडीच्या मातीत आम्ल टिकतच नाही, म्हणून चुरा वर्षानुवर्षे तसाच पडून राहतो. लॉज यांनी हाडांवर गंधकाम्लाची क्रिया करून विरघळणारा फॉस्फेट बनवला आणि १८४२ साली त्याचे पेटंट घेतले. तेच सुपरफॉस्फेट.

पुढच्याच वर्षी त्यांनी रसायनशास्त्रज्ञ जोसेफ हेन्री गिल्बर्ट यांना साथीला घेऊन ब्रॉडबॉक या शेतात गव्हाचा प्रयोग सुरू केला. तो आजही चालू आहे. एका पट्टीला दरवर्षी हेक्टरी ३५ टन शेणखत, काहींना निरनिराळी रासायनिक खते, आणि एका पट्टीला १८४३पासून काहीच नाही. नत्र, स्फुरद, पालाश पुरेसे दिले तर रासायनिक खताची पट्टी शेणखताच्या बरोबरीचे पीक देते, हे तिथे दिसले. मुळाला नत्र कोठून आला हे कळत नाही. मात्र मातीला कळते: शेणखताच्या पट्टीतील सेंद्रिय द्रव्य वाढत गेले आणि तिची पाणी धरण्याची शक्तीही वाढली.

पेंड गेली, तेल राहिले असते तर

भारतातूनही हाडे आणि तेलबिया परदेशी जात होत्या. १८८९ साली सरकारने डॉ. जॉन ऑगस्टस व्होल्कर यांना येथील शेतीच्या पाहणीसाठी बोलावले. त्यांचा अहवाल १८९३ साली प्रसिद्ध झाला. शेण जाळले जाते याचे कारण शेतकऱ्याचे अज्ञान नसून सरपणाची टंचाई आहे, असे त्यांनी सांगितले आणि हाडे व तेलबिया बाहेर जाण्याने होणारा तोटाही दाखवला. यातील रसायन विद्यार्थ्यांना सांगण्याजोगे आहे. तेलात कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजन असतात. ते हवा आणि पाणी यांतूनच आलेले असतात. नत्र आणि स्फुरद राहतात पेंडीत. तेल विकले तर जमिनीचे काही जात नाही, अख्खे बी विकले तर तिचे दोन औंस जातात.

ते परत मिळवण्याचा स्वस्त मार्ग इंदूरला शोधला गेला. तेथील संस्थेत १९२४ ते १९३१ या काळात अल्बर्ट हॉवर्ड यांनी पिकांचा काडीकचरा, शेण, गोठ्यातील मूत्र मुरलेली माती आणि लाकडाची राख यांचे थर देऊन, तीनदा उलथापालथ करून सुमारे तीन महिन्यांत कंपोस्ट तयार करण्याची पद्धत बसवली. १९३१ साली निघालेल्या त्यावरील पुस्तकावर हॉवर्ड यांच्याबरोबर त्यांचे रसायनविभागातील सहकारी यशवंत वाड यांचेही नाव आहे. पद्धत ‘इंदूर पद्धत’ म्हणून जगभर गेली, वाडांचे नाव मात्र आपल्याकडेही फारसे कोणी घेत नाही.

पिशवी घेण्यापूर्वी

या इतिहासातून तीन प्रश्न हाती लागतात: यात काय आहे, ते मुळांना मिळेल का, आणि आपल्या मातीत त्याची उणीव आहे का?

पहिल्या प्रश्नासाठी त्रैराशिक पुरते. निंबोळी पेंडीत शेकडा सुमारे ५ भाग नत्र असतो, कुजलेल्या शेणखतात सुमारे अर्धा. म्हणजे किलोभर पेंड आणि दहा किलो शेणखत यांत नत्र सारखाच. पेंडीचा किलोचा भाव शेणखताच्या दहापटीहून जास्त असेल, तर शेणखत स्वस्त. शिवाय सेंद्रिय द्रव्य वर मिळते.

उरलेल्या दोन प्रश्नांसाठी माती पाहावी लागते. प्रयोगशाळेतील विरल हायड्रोक्लोरिक आम्लाचे चार थेंब शिक्षकांनी वाळलेल्या मातीवर टाकावेत. देशावरच्या काळ्या मातीत पुष्कळदा बुडबुडे येतात: तिच्यात चुनखडी आहे. तेथे हाडांचा चुरा हे डेकरांचे दुसरे शेत ठरते आणि टरफलांतला चुना व राखेतला अल्क यांचीही गरज नसते. अशा मातीत कोवळी पाने पिवळी पडतात ती बहुधा लोहाच्या अभावाने नव्हे, तर लोह चुन्यामुळे न विरघळणाऱ्या रूपात अडकल्याने. गंजके खिळे पुरून तेथे काही साधत नाही. कोकणच्या जांभ्या, आम्लधर्मी मातीत मात्र हाडांचा चुरा आणि राख दोन्ही कामाला येतात.

शेवटची खात्री प्रयोगानेच करावी. एकाच मातीच्या सहा कुंड्या घेऊन त्यांत मेथी किंवा झेंडू लावावा. तिघींना विकतचे खत द्यावे, तिघींना काहीच देऊ नये, आणि महिन्याभराने विद्यार्थ्यांकडून उंची व पाने मोजून घ्यावीत. १८४३पासून कोरी ठेवलेल्या त्या पट्टीचे काम या तीन कुंड्या करतील. फरक दिसला नाही, तर पुढच्या वर्षीचे पैसे वाचले. शाळेच्या कोपऱ्यातला पालापाचोळा जाळण्याऐवजी तेवढ्यात खड्ड्यात घालायला हरकत नाही.