तरुण मतदारांची नावं यादीत का नसतात?

मतदानाचं वय २१ वरून १८ वर आलं ते ६१ व्या घटनादुरुस्तीने, १९८९ साली. पण २०२४ च्या लोकसभा निवडणुकीआधी देशातल्या १८-१९ वर्षांच्या मुलामुलींपैकी सुमारे ३८ टक्केच मतदार यादीत होते. बाकीच्यांना मत द्यायचं की नाही, हा प्रश्नच आला नाही.

'आजकालच्या पोरांना राजकारणात रस नाही' हे याचं नेहमीचं उत्तर. ते अर्धवट आहे.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या भारत रोजगार अहवालानुसार २०२२ मध्ये देशातल्या बेरोजगारांपैकी जवळपास ८३ टक्के तरुण होते. दहावी किंवा त्यापुढे शिकलेल्या तरुणांचा बेरोजगारांमधला वाटा २००० साली ५४.२ टक्के होता, तो ६५.७ वर गेला. म्हणजे शिकून बेकार. महाराष्ट्रात २०२४ च्या पोलीस भरतीत १७,४७१ जागांसाठी १७ लाखांहून जास्त अर्ज आले. एका जागेमागे शंभर जण. सरकार कोणाचंही येवो, रांग तेवढीच राहते, असं यांना वाटलं तर नवल नाही.

पण हीच मुलं ऑगस्ट २०२४ मध्ये पुण्यात शास्त्री रोडवर रात्रभर बसली होती. एमपीएससीची पूर्व परीक्षा आणि आयबीपीएसची परीक्षा एकाच दिवशी आली होती. आयोगाला परीक्षा पुढे ढकलावी लागली. तेव्हा रस नाही असं म्हणता येत नाही. रस्त्यावर बसल्यावर तारीख बदलते हे त्यांनी पाहिलंय. मत दिल्यावर काय बदलतं, हे तितकं स्पष्ट दिसत नाही.

त्यात पत्त्याची अडचण. नाव गावाकडे, मुक्काम पुण्यात. मतदानासाठी गावी जायचं तर जाण्या-येण्याचं भाडं आणि अभ्यासाचे दोन दिवस जातात. कॉलेजचा विद्यार्थी हॉस्टेलच्या पत्त्यावर बोनाफाईड देऊन नाव नोंदवू शकतो. कॉट बेसिसवर राहून स्पर्धा परीक्षा देणाऱ्याकडे मात्र नोंदणीकृत भाडेकरार कुठून असणार? पत्त्याचा कागदच नसेल तर प्रत्यक्ष येऊन पडताळणी करण्याची तरतूद आहे, पण ती फारशी कोणी सांगत नाही.

पहिल्यांदा नाव नोंदवायला अर्ज क्रमांक ६, पत्ता बदलायला ८. पूर्वी १ जानेवारी ही एकच पात्रता तारीख असायची. आता १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबरही आहेत. सतरा पूर्ण झाल्यावर आगाऊ अर्जही करता येतो.